बेचाळीस झाडं

माझी मुलगी त्यांना आंटी म्हणायची, म्हणून मी आणि बायकोही आंटीच म्हणू लागलो. सिंगापुरात, पुंगोलच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या सहा वर्षं घरकामाला होत्या. फिलिपिन्समधल्या एका लहान बेटावरच्या, माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. इथल्या नव्या फ्लॅटमध्ये जाड दाराची, खिडकी नसलेली एक खोली असते. संकट आलं तर घरातल्यांनी तिथे आसरा घ्यायचा असतो. आमच्याकडे त्या खोलीत आंटी झोपायच्या. महिन्यातल्या त्यांच्या हक्काच्या सुट्टीच्या चार रविवारांपैकी दोन आम्ही जादा पैसे देऊन कामासाठी ठेवून घ्यायचो. सगळं नियमाला धरून होतं. जे नियमाला धरून आहे त्याचा मी तेव्हा फारसा विचार करत नसे.

गेल्या दशकाच्या मध्यावर एका रविवारी चर्चमधून परतल्यावर त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. एक यादी टाइप करून हवी होती. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, त्यांचं मोजकं, माझं घाईचं. कसली यादी, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

त्यांचे वडील दुसऱ्याच्या जमिनीतली नारळाची झाडं सांभाळायचे. नारळ पाडायचे, फोडायचे, धुरावर खोबरं वाळवून विकायचं, आणि येईल त्यातला मोठा वाटा जमीनमालकाला द्यायचा. वडिलांच्या तरुणपणी खोबऱ्याच्या प्रत्येक विक्रीतून सरकार काही रक्कम कापून घ्यायचं. "तुम्ही माझ्यासाठी दर महिन्याला सरकारला लेव्ही भरता ना, तशीच," त्या म्हणाल्या. परदेशी बाई घरी कामाला ठेवली की इथे मालकाने सरकारला तो कर भरायचा असतो. नारळ शेतकऱ्यांच्या भल्यासाठी म्हणून जमवलेला तो पैसा सत्तेच्या जवळच्या माणसांच्या हाती गेला. वर्षानुवर्षं खटले चालले. अखेर कोर्टाने सांगितलं की हा पैसा सरकारकडे परत यावा आणि नारळ शेतकऱ्यांसाठीच वापरला जावा. पैसा सुटला होता, पण शेतकरी कोण हे ठरायचं राहिलं होतं. कचेरीतल्या यादीत जमीनमालक होते. झाडावर चढणारे नव्हते.

म्हणून गावातल्या संघटनेने कोण किती झाडं सांभाळतो याची आपली यादी करायचं ठरवलं. दोन आठवड्यांनी मोठ्या गावात बैठक होती, तिथे ती द्यायची होती. संघटनेच्या सचिवाला वाटलं, यादी सांगू शकेल अशी एकच व्यक्ती आहे आणि ती सिंगापुरात भांडी घासते. कारण परदेशी येण्याआधी बारा वर्षं आंटी गावच्या आरोग्यसेविका होत्या. घरोघरी जाऊन बाळांची वजनं करायच्या. असं एकही घर नव्हतं जिथे त्यांनी काटा टांगला नव्हता, आणि कुणाकडे किती झाडं तेही त्यांना पाठ होतं.

मी लॅपटॉप उघडला. मनात म्हटलं, वीस मिनिटांचं काम.

आंटी खुर्चीवर ताठ बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. मग मनातल्या मनात गावच्या चर्चच्या दारातून निघाल्या. पहिलं घर डाव्या हाताला. माणसाचं नाव, झाडं साठ. पुढे विहीर. विहिरीमागे दोन भाऊ. एकाची एकवीस, दुसऱ्याची चोवीस. मग चढ, मग ओढा. ओढ्यापाशी मालकाचा मुकादम, त्याची तीनशे दहा. मी एका रकान्यात नाव आणि दुसऱ्यात आकडा लिहीत गेलो. एका घरापाशी त्या थबकल्या. सतरा म्हणाल्या, मग मान हलवून म्हणाल्या, "नाही, अठरा. एक वादळात पडलंय, पण आडवं पडूनही फळ धरतं." दीड तासाने त्या नदीपाशी पोचल्या. एकशे चौदा घरं झाली होती. वडिलांचं घर खरं तर मध्यावर होतं, पण त्यांनी ते शेवटी सांगितलं. यादी आपण करतोय, त्यात आपलं घर आधी कसं घालायचं, म्हणाल्या. झाडं बेचाळीस.

मी थक्क झालो होतो हे खरं. पण त्याच वेळी मला ती यादी ओबडधोबडही वाटत होती. मी जुरोंग ईस्टला एका कंपनीत मॅनेजर होतो. दहा-बारा इंजिनीअर माझ्या हाताखाली होते. यादी म्हटली की ती वर्णानुक्रमे हवी. मी नावांचा रकाना निवडला आणि लावून टाकला. एक्सेलने एक चौकट दाखवून काहीतरी विचारलं. मी न वाचता त्यातला एक पर्याय दाबला. फाइल सेव्ह केली, सचिवाच्या तालुक्यातल्या पुतणीला ईमेल केली आणि आंटींना म्हणालो, "झालं." त्यांनी दोनदा आभार मानले.

मंगळवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी ती फाइल उघडली, रेघा आखून जरा देखणी करावी म्हणून. आंटींच्या वडिलांचं नाव दिसलं. समोर आकडा होता तीनशे दहा.

मी खालीवर पाहिलं. नावं नव्या क्रमाने लागली होती, आकडे जागचे हलले नव्हते. माणसं होती, झाडं होती. कोणती कुणाची ते गेलं होतं. तीनशे दहा झाडं मालकाच्या मुकादमाची होती, आणि ती मी एका कुळाच्या नावावर करून टाकली होती. तीही त्याच्याच मुलीने केलेल्या यादीत.

त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. गुपचूप दुरुस्त करून नवी फाइल पाठवू असं ठरवलं आणि दोन दिवस एमआरटीच्या ट्रेनने येता-जाता आठवत राहिलो. विहिरीमागचे दोन भाऊ आठवले, त्यांची नावं आठवली नाहीत. ज्या गावात त्या डोळे मिटून चालल्या होत्या, तिथे मी उघड्या डोळ्यांनी काहीच पाहिलं नव्हतं.

गुरुवारी त्यांच्या बहिणीचा फोन आला. मी हॉलमध्ये होतो. भाषा कळत नव्हती, पण आंटींचा आवाज आधी वर गेला आणि मग अगदी बसला ते कळलं. आदल्या दिवशी यादी गावच्या सभागृहात वाचून दाखवली होती. लोक हसले होते. मुकादम म्हणाला होता की म्हाताऱ्याच्या पोरीने सिंगापुरात बसून बापाला बाग घेऊन दिली, आता आम्ही त्याच्याकडे कामाला जातो. वडील उठून घरी गेले होते आणि तेव्हापासून बाहेर पडले नव्हते. यादी खोटी आहे म्हणून ती द्यायचीच नाही, असं काही जण म्हणू लागले होते.

आंटींनी फोन ठेवला आणि मला विचारलं, "सर, कॉम्प्युटरची चूक झाली का?"

मी म्हणालो, "हो. कॉम्प्युटरची."

त्यांनी मान डोलावली आणि त्या भात लावायला गेल्या.

बायकोने आतून ऐकलं होतं. खोलीत आल्यावर तिने सरळ विचारलं, आणि मी सांगितलं. ती म्हणाली, "ऑफिसात कुणी असं केलं असतं तर त्याला काय बोलला असतास रे? मला ऐकव ना जरा."  मग म्हणाली, "शनिवारी मी लेकीला घेऊन बाहेर जाते. स्वयंपाकही नको. तू बस त्यांच्यासमोर."

शनिवारी सकाळी घर रिकामं होतं. मी आंटींना म्हणालो, यादी पुन्हा करावी लागेल, सगळी. त्यांनी हो म्हटलं, खुर्ची ओढली, हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले.

बिघडलेली फाइल मी लॅपटॉपवर एका बाजूला उघडी ठेवली होती. आकड्यांचा रकाना अजून चालण्याच्या क्रमानेच होता: साठ, एकवीस, चोवीस. आंटींनी ती फाइल कधी पाहिली नव्हती. त्या चर्चच्या दारातून निघाल्या. पहिलं घर, साठ. विहीर. एकवीस. चोवीस. चढ. मी नवं नाव लिहायचो आणि नजर जुन्या आकड्यावर टाकायचो. तिसाव्या घरापर्यंत वाटलं, योगायोग असेल. पन्नासाव्या घरापाशी ते वाटणं संपलं. एकही आकडा चुकत नव्हता. मग त्या थबकल्या. "सतरा. नाही, अठरा. ते आडवं पडलेलं." जुन्या रकान्यात अठरा होते.

पुढे मी नुसता टाइप करत राहिलो. माझी सारी नोकरी माहिती जपण्याची. तिच्या प्रती कुठे, राखीव प्रती कुठे, यावर मी सभा घ्यायचो. इथे एकशे चौदा घरं, त्यांच्या वळणांसकट आणि पडलेल्या झाडांसकट, एका बाईने अकरा वर्षं आमच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत आणि त्याआधीच्या परक्या घरांत आपल्याजवळ जपली होती, आणि कुणी विचारलंही नव्हतं. आम्ही विचारलं होतं ते फक्त दूध संपलं का एवढंच. देवळात गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसं मला झालं होतं.

नदी आली. मग त्यांचे वडील. बेचाळीस. रकान्यातला शेवटचा आकडा बेचाळीस.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी म्हणालो, "आंटी, कॉम्प्युटरची चूक नव्हती. माझी होती. मला मंगळवारीच कळलं होतं."

 त्या म्हणाल्या, "बाळाचं वजन चुकीचं लिहिलं की मीसुद्धा काट्याला दोष द्यायचे, सर." आणि पुढे म्हणाल्या, "पण मग परत चढून जायचे आणि बाळाला पुन्हा तोलायचे. तुम्ही सचिवांना स्वतः सांगाल?"

मी तिथेच फोन लावला. सचिव मोडक्या इंग्रजीत बोलत होते. मी माझं नाव, हुद्दा सगळं सांगितलं, काय केलं ते सांगितलं आणि म्हटलं की हे सभागृहात सर्वांसमोर वाचून दाखवा.  पलीकडे ते हसले. "म्हणजे मोठ्या साहेबांनी आमची झाडं उपटून दुसरीकडे लावली. बरं झालं सांगितलंत. म्हातारा तीन दिवस जेवला नाहीये नीट." आंटी स्पीकरवर ऐकत होत्या. त्यांनी तोंड फिरवलं आणि त्या ओटा पुसू लागल्या. ओटा स्वच्छच होता.

या वेळी मी यादी वर्णानुक्रमे लावली नाही. जशी चालली तशीच पाठवली.

तो पैसा आंटी कायमच्या घरी परतल्या तोपर्यंत कुणालाही मिळाला नव्हता. दशक संपलं तरी तो कसा वाटायचा यावर तिथे वादच चालू होते. रविवार मात्र आम्ही त्या शनिवारनंतर परत विकत घेतले नाहीत. हे सांगून माझं ओझं कमी होतं असं नाही.

यादी मात्र बैठकीत पोचली. बैठकीच्या आधीच्या आठवड्यात सचिव ती छापून अंगठे घ्यायला निघाले. चर्चच्या दारापासून सुरुवात केली आणि कागदावरचं बोट खाली सरकवत चालत राहिले. त्यांना एकदाही मागे फिरावं लागलं नाही. फक्त नदीपासून एकदा परत गावाच्या मध्यावर यावं लागलं, शेवटच्या घरासाठी. हे सगळं आंटींनी मला गाजर किसता किसता सांगितलं.

त्यांचे वडील अंगणात उभेच होते. सचिवांनी शाईची डबी पुढे केली, पण त्यांनी हात पुढे केला नाही. शेजाऱ्यांना हाक मारली, ते कुंपणापाशी जमले, मग म्हणाले, आता आकडा वाचा. सचिवांनी वाचला. वडील म्हणाले, पुन्हा, जरा मोठ्याने. दुसऱ्यांदा बेचाळीस ऐकल्यावर त्यांनी अंगठा शाईत बुडवला.