चाँदबीचा तंबू

राजारामपुरीत आमच्या गल्लीत ताडपत्रीचं एकच दुकान आहे आणि ते चाँदबी चालवते. मी शेजारचा झेरॉक्सवाला. मध्ये एक पातळ भिंत, त्यामुळे तिच्या मशीनचा खडखडाट आणि गिऱ्हाइकांना दिलेली उत्तरं मला वीस वर्षं फुकट ऐकायला मिळतायत. ट्रकवाला भाव पाडून मागायला लागला की ती म्हणते, "पावणं, पावसाला सांगून या जरा कमी पड म्हणून. मग मी बी कमी घेतो." वय चौसष्ट. चष्मा गळ्यात दोरीला बांधलेला, पण सुईत दोरा अजून स्वतःच ओवते.

तिचा नवरा चमन दोन वर्षांपूर्वी गेला. माणूस सोन्यासारखा, पण थंडी पडली की त्याच्या अंगात यायचं. जानेवारीतला एक शनिवार-रविवार गाठून तो आणि त्याचे दोस्त मासे धरायला पाटगावच्या डोंगरात जायचे, नदीकाठी तंबू ठोकून राहायचे. तीस वर्षं हा नेम चुकला नाही. तंबू चाँदबीनं शिवलेला, ट्रकच्या ताडपत्रीच्या उरलेल्या तुकड्यांचा, निळा, पिवळा, हिरवा. चटणी तिनं कांडलेली, भाकरी तिनं थापलेल्या, गळाला लावायचं पीठसुद्धा तिनंच मळलेलं. टेम्पो सुटताना ती दारात उभी राहून विचारायची, "मला कवा नेणार?" चमन म्हणायचा, "फुडच्या साली." अशी तीस सालं गेली आणि मग चमनच गेला.

आता यातली गंमत अशी की या सगळ्या टोळीपेक्षा मासा धरायची अक्कल चाँदबीलाच जास्त. ती मुरगूडची, वेदगंगेच्या काठावर वाढलेली. बाप भांड्यांना कल्हई लावायचा आणि काम नसलं की लेकीला घेऊन गळ टाकून बसायचा. दहाव्या वर्षी तिनं हातभर लांबीची वाम एकटीनं ओढून काढली होती. लग्न होऊन राजारामपुरीत आली आणि गळ सुटला. पाटगावहून येते ती तीच वेदगंगा. म्हणजे हिच्या नदीवर आम्ही जात होतो, हिच्या तंबूत झोपत होतो, आणि ही इथं ताडपत्रीला कडी ठोकत बसली होती. आम्ही म्हणतोय, कारण दोनदा मीही गेलो होतो.

चमनच्या मागं दोन वर्षं कुणी निघालं नाही. यंदा डिसेंबरात बेत पुन्हा शिजला, आणि बैठक नेहमीप्रमाणे चाँदबीच्याच दुकानात बसली. साखर कारखान्यातून रिटायर झालेला बाळासो आमचा म्होरक्या. टेम्पो ज्ञानूचा. बेत मासे धरायचा, पण कोल्हापुरात असल्या बेतात पहिला प्रश्न एकच असतो, मटण किती किलो? अर्धा तास त्यावर गेला. मग रस्ता. हंगामात मोठ्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात म्हणून गारगोटीच्या पुढं आतल्या वाटेनं जायचं ठरलं. गळाची आठवण कुणालाच झाली नाही.

उठता उठता बाळासो म्हणाला, "भाभी, तंबू तेवढा काढून ठेवा. ज्ञानू न्यायला यील."

चाँदबीनं मशीन थांबवलं. "तंबू येतोय. त्याच्यासंगं मी बी येतो."

ज्ञानू हसला. ती हसली नाही, तेव्हा त्यानं हसू आवरलं.

बाळासोनं समजुतीचा सूर लावला. "भाभी, जंगलातलं काम हाय. मासं धरायचं म्हंजे ताकद लागती. बायकांचं ते न्हवं."

"बाळासो भावजी," ती म्हणाली, "बांगडा कुठं असतोय?"

"आँ?"

"बांगडा. दर साली चमन पिशवीत घिऊन यायचा, धरणात घावला म्हणून. समुद्रातला मासा घाट चढून पाटगावच्या धरणात कसा आला, ते सांगा की मला."

गारगोटीच्या बाजारातनं ते बांगडे एका साली मीच निवडून घेतले होते. धरणात काय असतं आणि समुद्रात काय असतं, हे आम्हा देशावरच्या शहाण्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या लेखी मासा तो मासा. आणि नदीकाठच्या बाईनं तो तीस वर्षं निमूट तळून आम्हाला वाढला होता.

बाळासो खाली बघत म्हणाला, "चमन आयकायचा न्हाय, भाभी. म्हणायचा, रिकाम्या हातानं गेलो तर चाँद म्हणंल, मग गेलता कशाला."

"तसं मी म्हटलंच नसतं," चाँदबी म्हणाली. "मी म्हटलं असतं, मला न्यायचं हुतं." तिनं चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला.

मला लाज वाटली, आणि ती वाटायलाच पाहिजे होती. बाळासोलाही वाटली असावी, पण आमची खोड जाते थोडीच. तो म्हणाला, "बरं, या मग. मटणाचं तेवढं तुमी बघा, म्हंजे झालं."

"व्हय की. म्हंजे इथली चूल उचलून तिथं न्यायची," चाँदबी म्हणाली. "तुमचं तुमी जावा. मी माझी जातो. तंबू माझ्यासंगं."

बाळासो, ज्ञानू आणि मी, तिघंही उठलो. बाळासोनं दुसऱ्या दिवशी बाजारातून तयार तंबू आणला. तो उभा कसा करायचा ते त्याला अजून कळलेलं नाही.

चाँदबीचा बेत एका संध्याकाळी ठरला. गाडी शालूबाईची. ही शाळेच्या पोरांची व्हॅन चालवते, शनिवार-रविवार मोकळी असते आणि कुणाच्या बापाला भीत नाही. बेताचा कागद झेरॉक्सला माझ्याकडंच आला. कागल, मुरगूड, गारगोटी, कडगाव, पाटगाव. मुरगूडला नदीच्या घाटावर दहा मिनिटं थांबायचं. दोन गळ, पीठ, गांडुळांचा डबा, तांदूळ, चटणी, बेसन. सगळ्यात खाली 'मटण नाही', आणि त्याखाली दोन रेघा. शालूबाईनं विचारलं होतं म्हणे, मासा घावला न्हाय तर खायाचं काय. उत्तर बेसनाच्या रूपानं कागदावर होतंच. मी झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत. तिनं ते काउंटरवर ठेवले आणि गेली.

शनिवारी सकाळी व्हॅन दारात लागली. तंबू मी उचलून आत ठेवला, एवढं तिनं मला करू दिलं. तिचा मुलगा तोहिद दारात आडवा उभा होता. पोरगा वाईट नाही, पण त्याला गल्लीची काळजी फार.

"अम्मी, ह्या वयात तंबूत झोपणार तू? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी तीस वर्षं त्याच तंबूत झोप काढली हाय. इचार त्यास्नी, गळतोय का ते."

मी दुकानाच्या कुलपाशी उगाच खटपट करत राहिलो.

तोहिद हटला नाही. "आणि एवढं करून मासा मिळाला न्हाय, तर?"

चाँदबी व्हॅनमध्ये चढली, गळ मांडीवर आडवे घेतले आणि दार ओढून घेता घेता म्हणाली, "तर रिकाम्या हातानं येतो. पण बांगडा आणणार न्हाय."