गौरीपुढचा घास

वड्यांचं पीठ मळता मळता अनिताचा हात पुन्हा पुन्हा थांबत होता. चुलीवर कोंबडी रटरटत होती. मसाल्याचा वास पडवीत पोचला होता आणि तिथून कुणाचं तरी "झालं काय गो?" आलं होतं. वडे तेवढे तळायचे राहिले होते, म्हणूनच तर हात चालत नव्हता.

रोह्यापलीकडच्या या गावात तिच्या सासरची गौर तिखटाची. आदल्या दिवशी तेरड्याची रोपं वाजतगाजत घरात येतात, त्यांना साडी नेसवून मुखवटा चढतो, आणि दुसऱ्या दिवशी कोंबडी-वड्यांचा नैवेद्य. नैवेद्य चाखायचा नाही. गौरीला दाखवून झाला की जिने रांधला तिने पानावरचा पहिला घास घ्यायचा, त्यानंतर पंगतीने हात घालायचा. लग्न होऊन आल्यापासून तो घास अनिताचा होता. तिचा रस्सा खाल्ल्यावर सासूने, रंभाबाईंनी, चुलीजवळचा पाट तिच्याकडे सरकवला तो कायमचा.

आणि गेल्या दिवाळीपासून अनिताने मांसमच्छी सोडली होती.

ती मूळची पेणची, रामवाडीची. माहेरी चार बहिणींत मासळी साफ करावी तर हिनेच. काट्याला मांस राहायचं नाही. लग्नानंतर नितेशच्या कंपनीमुळे दोघं रोह्याजवळ वरशाला राहायला आली. नितेश शिफ्टला गेला की घर खायला उठायचं, म्हणून तिने मागच्या अंगणात कोंबड्या पाळल्या. त्यातली एक तांबडी, जरा भांडखोर. रोज सकाळी टोपलीतल्या पेंढ्यात हात घातला की तिचं अंडं हाताला लागायचं, ऊन ऊन.

दिवाळीत नणंदेकडची माणसं आली. तांबडीच हाताशी होती. अनितानेच कापली, साफ केली. पोटात अंड्यांचा घोस निघाला, मोहरीएवढ्यापासून लिंबाएवढ्यापर्यंत. त्यात नवल काही नव्हतं. लहानपणी त्या पिवळ्या गोळ्यांसाठी बहिणींची भांडणं व्हायची. शेवटचं अंडं मात्र पुरतं भरलेलं होतं, कवच अजून मऊ. तिने ते ताटलीत काढून ठेवलं आणि रस्सा केला. सगळ्यांनी वाहवा केली. तीही जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने तिने टोपलीत हात घातला. पेंढा थंड होता. हात तिथेच राहिला, किती वेळ कोण जाणे. त्या दुपारी उरलेला रस्सा तिच्या गळ्याखाली उतरला नाही. मग मासळीही आपोआप सुटली. तिने काही ठरवलं नव्हतं.

पण लोकांना कारण लागतं. माळ घातली असती तर लोक पाया पडले असते. नवस असता तर कधी फिटतो ते विचारलं असतं. टोपलीत हात घातला, हे कुणाला सांगायचं? नितेशने परस्पर सोपं करून टाकलं, "डॉक्टरने बंद केलंय. पित्त." अनिताने ते खोडलं नाही. तेव्हापासून गावाला आली की बायका तिला कोकमाचं पाणी प्यायला सांगायच्या आणि ती मान हलवायची. प्रत्येक वेळी काहीतरी आत टोचायचं.

"चल गो, पान वाढ," रंभाबाई आत आल्या. "आणि घास घे. डाक्टर काय म्हणेल त्याचं मी बघतंय. गौरीच्या घासाने कुणाला पित्त होत नाय."

अनिताने पान वाढलं, गौरीपुढे ठेवलं, पाणी फिरवलं. मुखवट्याखालच्या तेरड्याची फुलं एव्हाना मलूल झाली होती. ती तशीच बसून राहिली.

"घे की."

"आई, मला पित्त नाय."

"मग काय हाय?"

अनिताने सांगितलं. तांबडी, मऊ कवच, थंड पेंढा. सांगताना तिला स्वतःलाच ते फार थोडं वाटलं, दोन वाक्यांत संपलं. रंभाबाईंनी ऐकून घेतलं.

"कोंबडी कापली कोणी?"

"मीच."

"जेवलीस पण?"

"व्हय."

"मग आता काय गो तिचं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. "माझा सगळा जन्म गेला कोंबड्या कापण्यात. मी काय पापी झाले?"

"तुमचं नाय म्हणत मी. मला जात नाय, एवढंच."

बाहेरून जनूकाका, नितेशचे चुलते, ओरडले, "घास झाला काय? का यंदा उपास घडवताय?" पडवीत हशा पिकला.

रंभाबाईंनी गौरीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग पानावरचा एक वडा उचलून तिच्या हातात कोंबला. "हा तरी जातोय नं?" अनिताने वडा मोडला, कोरडाच तोंडात घातला. रंभाबाई दाराकडे वळून म्हणाल्या, "घेतला तिने घास! बसा आता."

सुटले असं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. नवऱ्याने तिच्यावर एक खोटं पांघरलं होतं, आता सासूने दुसरं, मायेचं. पुढच्या वर्षी हेच, त्याच्या पुढच्या वर्षी हेच. रश्शाचं पातेलं घेऊन ती पडवीत गेली आणि वाढायला वाकण्याआधीच बोलली.

"मी वडा खाल्लाय. कोंबडी नाय खाल्ली."

नितेशने मान खाली घातली. जनूकाकांचा हात पानावरच थांबला. "पित्त अजून हाय काय?"

"पित्त नव्हतंच, काका."

"मग माळ घातलीस?"

"नाय."

"नवस?"

"नाय. मला नको वाटतं. मी पाळलेली होती ती कापली, तेव्हापासून."

गौरीपुढचा घास मोडला, या घरात असं कधी झालं नव्हतं. अनिताच्या हातातलं पातेलं जड झालं. मनगटाला चटका बसत होता तरी तिने ते खाली ठेवलं नाही.

"आणि हे रांधलंस कसं, न खाता?" काकांनी विचारलं.

"नैवेद्य चाखतं कोण? वाढू काय?"

काकांनी उंबऱ्यात उभ्या असलेल्या रंभाबाईंकडे पाहिलं. मग काकांनी पान पुढे सरकवलं. रश्शात वडा बुडवून खाल्ला, जरा वेळ चघळला.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

"खाणं सुटलं तसा हातपण सुटला तिचा," दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी टोमणा मारला.

रंभाबाई आत गेल्या, मिठाचा वाडगा घेऊन आल्या आणि काकांच्या पानात चिमूट आपटली. "घे वरून. हात हाय नं तुला?" मग अनिताच्या हातातलं पातेलं काढून घेत, इतरांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "पुढच्या वर्षी रांधशील तू. मीठ मी घालीन. आणि घासपण मीच घेईन. जा, हाताला पाणी लाव, चटका बसलाय."

अनिता मागच्या दारी गेली. तांब्याने पाणी ओतत राहिली. हाताला मसाल्याचा वास होता, तो जाईना.