जावईबापू आणि बरफाची लाट

गोविंदमामा वर्तमानपत्र वाचायला बसले की आधी चष्मा पुसत, मग घसा खाकरत, आणि मग समोरच्यांपैकी जो सगळ्यांत जास्त बडबडत असेल त्याच्याकडे तो गप्प होईपर्यंत नुसते बघत राहत. मारुतीच्या ओट्यावर रोज संध्याकाळी हा थाट असे. अंक सावद्याहून यायचा, तोही शिळा. पण मामांनी वाचल्याशिवाय आमच्या गावात बातमी खरी धरत नसत. छापलेली मराठी मात्र ते जशीच्या तशी कधीच वाचत नसत. त्यांना ती फिकी वाटे. प्रत्येक वाक्य आधी मनात वाचायचं, आणि मग आपल्या शिंदखेड्याकडच्या बोलीत, स्वतःचं तिखटमीठ लावून सांगायचं. "दिल्लीम्हा बठ्ठा मोठा लोक एक जागे बसनात, न् कोन्हंच कोन्हं आयकं नही," असं म्हणाले की संसदेची बातमी संपली. लोक खूश!

मामा माझ्या आत्याचे यजमान. शिंदखेड्याकडची त्यांची कोरडवाहू जमीन भावकीत गेली, तेव्हा माझ्या वडिलांनी बहिणीला आणि मेव्हण्यांना आमच्या गावी आणून ठेवलं. म्हणजे मामा घरजावई. आणि आमच्याकडे एका घरचा जावई तो सगळ्या गावचा जावई! लहानथोर सगळे त्यांना 'जावईबापू' म्हणत. त्यांच्या आईच्या वयाच्या बायादेखील ते समोर आले की नाकापर्यंत पदर ओढत आणि भिंतीकडे तोंड करून बोलत. मामांनी विहिरीवर बादलीला हात लावला की चार माणसं धावत. "अहो जावईबापू, हे काय? आम्ही मेलो का?" केळीच्या बागेत ते गेले तर बांधावर घोंगडी अंथरून त्यांना बसवत. बिचाऱ्यांना गावात करण्यासारखं एकच काम उरलं होतं, ते म्हणजे वर्तमानपत्र वाचणं. ते मात्र ते जीव तोडून करत.

आणि दुसरं म्हणजे काकवी खाणं. हे काम ते त्याहून जीव तोडून करत! पौषात आमच्या मळ्यात गुऱ्हाळ लागे. रस कढईत उकळून दाट व्हायला लागला, पण गूळ धरायच्या आधी, वरची पहिली पळी जावईबापूंना. हा गावचा रिवाज. मामा ती बोटावर घेऊन उजेडात धरत. तार ओघळली तर मान हलवत. "हाई खरी काकवी शे. बाकीनं बठ्ठं गूयपानी." एखाद्या घरी गूळ पाण्यात विरघळवून काकवी म्हणून वाढली, तर मामा गोड बोलून भाकरीवर फक्त मीठ-तेल मागून घेत. घरच्या बाईने काय ते ओळखावं!

एका पौषात थंडी अशी सुटली की गुरं गोठ्यातून बाहेर पडेनात. त्या संध्याकाळी मामांनी अंक उघडला, आणि वाचता वाचता ते उठून उभेच राहिले. उत्तरेत हिमवर्षाव झाल्यामुळे थंडीची लाट आपल्या बाजूला येणार, असं त्यात छापलेलं होतं. पुढे मी स्वतः वाचलं ते. पण मामांच्या बोलीत त्याचं झालं, "बरफनी लाट येई राहिनी!"

लाट म्हणजे आम्हाला तापीच्या पुराची ठाऊक. तशी बर्फाची यायची म्हणजे काय! ओट्यावर एकच गलका झाला. बर्फ आमच्यापैकी बहुतेकांनी जत्रेत पाहिलेला, भुशात गुंडाळलेला, किसून त्यावर रंगीत पाणी घालून दिलेला. कुणीतरी म्हणालं, "रंगीत पाणी काहून? आपली काकवी हाये ना!" झालं. ताजा बर्फ आणि त्यावर खरी काकवी, या नुसत्या कल्पनेने माणसं मिटक्या मारायला लागली. घराघरांतून लोटे, तांबे, पितळ्या निघाल्या. शाळेचे मास्तरसुद्धा वाटी घेऊन आले, आता बोला!

एकट्या द्वारकाअक्काला धास्ती वाटली. अक्का विधवा, मूलबाळ नाही, पाण्याजवळची एकच बाग, आणि केळीचे घड नुकते निसवून बाहेर पडत होते. पदराआडून तिने माझ्या आत्याला विचारलं, "जावयाले पूस व, बांधावर धूर करावा का? दर साली करतो, तसा." थंडीचा कडाका पडला की आमच्याकडे बागेभोवती ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा, तोच केळीला तारतो.

मामांनी हात वर केला. कधीतरी त्यांनी वाचलं होतं की परदेशात शेतावर बर्फ पडतो आणि त्याखाली गहू गोधडीत झोपल्यासारखा उबेत राहतो. ते त्यांनी तेव्हाही रंगवून सांगितलं होतं. "धूर नका करा. धूरमा बरफ वितयी जाई. बरफ गोधडी शे पिकनी. कागदम्हा छापेल शे!"

जावई म्हणाले, आणि कागदात छापलेलं! गावाने धूर केला नाही.

बर्फ काही पडला नाही. आकाश काचेसारखं लख्ख राहिलं, आणि सकाळी केळीची पानं उकडल्यासारखी खाली लोंबत होती. उन्हं चढली तशी ती काळी पडत गेली. आमची बाग गेली, शेजारच्या गेल्या, आणि अक्काची तर पार बसली. शेजारच्या गावांत धूर केलेल्या बागा मात्र अर्ध्यामुर्ध्या का होईना, उभ्या होत्या. तिथली माणसं बांधावर येऊन आमच्याकडे बघत आणि विचारत, "बरफ कसा लागला, गोड का?"

लाज, लाज आणि लाज. दुसरा शब्द नाही. आत्या तांबडं फुटायच्या आत पाणी भरून आणू लागली, म्हणजे विहिरीवर कुणी भेटायला नको. माझे वडील मेव्हण्याला एक शब्द बोलू शकत नव्हते, जावयाला बोलायचं कसं? मग ते बैलांवर ओरडत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बैलांचा उद्धार. आणि ओसरीवर बसलेले मामा ती प्रत्येक शिवी कान देऊन ऐकत. एकदा वडील बैलाला "अक्कल गहाण टाकली का रे?" म्हणाले, तर मामांनी मान खाली घालून हलकेच "हा" म्हटलेलं मी ऐकलं.

गाव त्यांना काही बोललंच नाही हो! कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं. ज्यांच्या बागा गेल्या तेच येऊन समजूत घालत. "जावईबापू, तुमचा काय दोष? नशीब आमचं." पदर तितकाच खाली, आवाज तितकाच मऊ. मामा ओट्यावर जायचे बंद झाले. अंक येई आणि घडीसकट पडून राही. त्यांचा चेहरा असा ओशाळा झाला होता की बघणाऱ्याने नजर फिरवावी. आत्याला ते एकदा म्हणाले, "पोरगानी चूक करी तं माय मारस. पाव्हनानी करी तं हसीसन सोडी देतस. मी इतला वरीस पाव्हनाच राहिनू का व?"

ऊस मात्र वाचला होता, म्हणून गुऱ्हाळ पुन्हा लागलं. वडिलांनी मामांना बळेबळे नेलं. कढईजवळ त्या दिवशी द्वारकाअक्का होती. बाग बसली म्हणून ती आता आमच्याकडे चुलवणाला जाळ घालायच्या कामाला लागली होती. रस दाटला. तिने रिवाजाप्रमाणे पहिली पळी वाटीत ओतली, पदर ओढला, तोंड फिरवलं आणि वाटी मामांपुढे धरली. "घ्या, जावईबापू."

मामांनी वाटी घेतली नाही. ते सगळ्यांदेखत मातीत बसले. "अक्का, तुन्ही बाग मनामुये गई. माले शिव्या दे. तुन्हा पाया पडस, माले शिव्या दे व माय."

जावई पाया पडतो म्हणजे केवढा अनर्थ! वडील पुढे धावले, पण तोवर अक्काने वाटी खाली ठेवली होती. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि त्यांच्याकडे सरळ, डोळ्याला डोळा देऊन पाहिलं. मग ती जी सुटली!

"मेल्या, तुह्या तोंडाले आग लागो! बरफ पाह्यजे होता तुले? गोधडी म्हने! माह्या केयी लेकरासारख्या वाढोल्या मी, त्या उकडल्या, अन् तू घरात बसून लाजतो? लाजून माह्या बागेत पान येईन का, भाड्या? मेलेले खांब तसेच उभे हायेत. तोडले नई तं खालून फुटनारं नवं पील बी मरीन. कोन तोडीन ते, मी म्हातारी? उद्या इळा घेऊन ये. अन् नई आला तं घरी येऊन वढत नेईन, समजलं?"

ती रडत होती. मामाही रडत होते, पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मान वर केली होती. "ऊनू समज, अक्का," आलोच समज, एवढंच ते म्हणाले.

घरी आत्याने थयथयाट केला. जावयाला भाड्या म्हणते म्हणजे काय, मी जाऊन विचारते! मामांनी भाकरी मोडता मोडता तिला बसवलं. त्या दिवशी त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

सकाळी ते धोतर खोचून, विळा घेऊन निघाले. वाटेवर कुणीतरी सवयीने हाक दिली, "जावईबापू, आज कुठी?" मामा थांबले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "अक्कानी माले शिव्या दिध्यात! कामले जास!" कुणी पागोटं बांधून मान दिल्यासारखी छाती काढून म्हणाले.

वडील दारात उभे होते. मेव्हण्याच्या हातातला विळा ते बघत राहिले. मग आत गेले, स्वतःचा विळा घेऊन आले, आणि ज्या माणसाला त्यांनी आजवर नावाने कधी हाक मारली नव्हती, त्याला मोठ्याने हाक मारली.

"गोविंदा, थांब रे. मीबी येतो."