माळावरचा बंद ट्रॅक

वाटूरच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की गायरानात मातीचा एक लांबट गोल आहे. मी कॉलेजात होते तेव्हा जालन्याच्या काही हौशी जीपवाल्यांनी तो आखला होता. उन्हाळ्यात तिथं शर्यती व्हायच्या. धुरळा पार रस्त्यावरून दिसायचा.

वडिलांचं फाट्यावर गॅरेज होतं, गाडी मी तिथंच शिकले. शर्यतींच्या तिसऱ्या वर्षी नाव द्यायला गेले, तर टेबलामागचा माणूस मान वर न करता म्हणाला, "बायांचा गट न्हाई."

"मंग गड्यांच्या गटात लिहा," वडील म्हणाले.

"तमाशा होईल, मिस्त्री."

सगळे हसले. त्याच दुपारी एक जीप वळणावरून सुटून बघ्यांत घुसली, एकाचा पाय मोडला. शर्यती कायमच्या बंद पडल्या. पोरगी मधी आली म्हणून अपशकुन झाला, असं लोक म्हणाले. पुढं कितीतरी वर्षं म्हणत राहिले.

वडील गेल्यावर गॅरेज मी चालवायला घेतलं. मागच्या वर्षी अंगणवाडीच्या ताई आल्या. "गाडी शिकवता का? रस्त्यावर शिकायची भीती वाटून राह्यली." मला मोकळी जागा एकच माहीत होती. ट्रॅकवर वाढलेल्या बाभळी आम्ही दोघींनी चार दिवस तोडल्या. हळूहळू आणखी बाया येऊ लागल्या.

एका सकाळी वळणावर काट्यांचा ढीग. बाजूच्या शेतातले म्हातारे काका बांधावर उभे होते.

"मीच टाकले," ते म्हणाले. "ही जागा चांगली न्हाई. बंद पडलंय ते बंदच राहू द्या."

"जागेचा काय दोष, काका? त्या जीपचा टायरॉड, चाकं वळवणारा दांडा, तुटला होता. गाडी आमच्याच गॅरेजात ओढून आणल्ती. तुटका तुकडा मी माझ्या हातानं काढलाय."

"लोक तसं म्हणत न्हाईत."

"लोकांनी कुठं पाहिला?"

काटे आम्ही उचलले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडले, पुन्हा उचलले. असं पाच वेळा झालं. सहाव्या दिवशी वळण मोकळं होतं. काका बांधावर बसून नुसते बघत होते. मी ताईंना म्हटलं, दुसरा गिअर टाका.

परवा ताई एकट्या अंबडला गाडी घेऊन गेल्या. बाजारात लावायला जागा मिळेना, म्हणून वैतागून फोन केला. मी म्हटलं, "आणखी एक चक्कर मारा. सापडंल."