सोलरचं गरम पाणी आणि पाइपावरची टकटक

रविवारी सकाळी नारायण पेठेतल्या आमच्या खोलीत एक छोटीशी गोष्ट घडली. दोन दिवस मनात घोळते आहे... म्हणून लिहून टाकतो. पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

दिवाळीनंतर आई आणि मी इथे भाड्याने राहायला आलो. आमची खोली तळमजल्यावर, आणि गच्चीवर सगळ्या बिऱ्हाडांसाठी मिळून एक सोलर. खोली घेताना मी मालकांना पुन्हा पुन्हा विचारलं होतं, की गरम पाणी खालपर्यंत येतं ना...

कारण आईचा उजवा खांदा आखडला होता. रोज सकाळी गरम पाण्याने शेकायचा आणि लगेच व्यायाम करायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आई लोकांच्या घरी पोळ्या करते. हात वर गेला नाही तर एकेक काम सुटत जाणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं...

आणि सोलरचा नळ सोडला, की गार पाणी. मी सगळ्यांच्या आधी उठून पाहिलं. बादली भरायची, बोट घालून बघायचं... गार. आणखी एक बादली, तरी गारच. पाणी उगाच वाया जाईल या धास्तीने मी नळ घट्ट बंद करायचो. सोलर बिघडलाय अशी माझी खात्रीच झाली आणि मी पाणी तापवायचा रॉड घेऊन आलो.

रॉड आला आणि माझी शांतता गेली. वायर तापते आहे का, चालू असताना आई पाण्यात हात तर घालणार नाही ना... बटण बंद केल्यावर मी प्लग काढून ठेवायचो आणि तो काढला आहे ना, हे परत येऊन बघायचो.

त्यात लाइटचं बिल आलं. मी बराच वेळ ते हातात धरून बसलो होतो, ते आईने पाहिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मला गार पाणीच बरं वाटतं रे." भर थंडीत... खांदा पुन्हा धरायला लागला.

शेवटी धीर करून मी पहिल्या मजल्यावरच्या लेले काकांकडे गेलो. काका निवृत्त आहेत, बोलणं मोजकं. त्यांना विचारलं, "तुमच्याकडे सोलरचं पाणी गरम येतं का हो?"

"येतं की. तुम्ही आल्यापासून तर नळ सोडताच येतं. मी हिला म्हटलंसुद्धा, नव्या भाडेकरूंचा पायगुण चांगला आहे."

मग मी काय करतो ते त्यांनी नीट विचारून घेतलं, आणि हसू दाबत समजावून सांगितलं. रात्रभर पाइपात थांबलेलं पाणी गार होतं. ते सगळं निघाल्याशिवाय टाकीतलं गरम पाणी तळमजल्यावर पोचत नाही. मी रोज ते गार पाणी उपसत होतो, आणि गरम पाणी काकांच्या मजल्यापर्यंत आलं की घाबरून नळ बंद करत होतो...

"म्हणजे रोज माझ्या आंघोळीची तयारी तुम्ही करत होता. आणखी थोडा धीर धरला असतात, तर मातोश्रींचीही झाली असती."

मी म्हटलं, उद्यापासून जास्त पाणी काढीन. तर काका म्हणाले, "इतके दिवस तुम्ही काढलंत. आता नंबर माझा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बाथरूममधला पाइप वाजला... टक टक. आईने नळ सोडला, थोडं गार पाणी गेलं आणि मग वाफ आली.

तेव्हापासून हेच चालू आहे. काका उठून गार पाणी बादल्यांत काढतात, काकू ते फरशी पुसायला आणि कुंड्यांना वापरतात. गरम पाणी लागलं की काका पाइपावर तांब्या वाजवतात. दोन्ही नळ चालू राहिले तर आमच्याकडे धार बारीक होते, म्हणून ते आपला नळ बंद करून थांबतात. बादली भरली की आईने उलट टकटक करायची.

एकदा त्याच वेळी मी वर गेलो, तर काका पंचा गुंडाळून स्टुलावर बसलेले... अंगावर काटा आलेला. मला फार अवघडल्यासारखं झालं. तर म्हणाले, "नोकरीत तरी दुसरं काय केलं? बसूनच होतो."

आई सुरुवातीला डाव्या हाताने वाजवायची, खाली नळाजवळ. मग उजव्या हाताने वाजवू लागली, पण तेही खालीच...

रविवारी मी चहा टाकत होतो. टकटक ऐकू आली, पण आवाज नेहमीच्या जागेवरून नव्हता. वळून पाहिलं तर भरलेल्या बादलीपाशी आई उभी, आणि तांब्या धरलेला उजवा हात थेट झरोक्याच्या वर... तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिथेच पुन्हा एकदा वाजवलं.

वरच्या झरोक्यातून काकांचा आवाज आला, "काय हो, आज आवाज फार जवळून आला. वरचा मजला घेतलात की काय?"

आई म्हणाली, "घेतला की. भाडं तेवढं बेताचं लावा."

मी गॅसकडे तोंड करून उभा राहिलो... चहा उतू गेला.

रॉड आता माळ्यावर आहे. प्लग काढलेला आहे, मी बघून घेतलंय. लेले काका फेसबुकवर नाहीत, त्यामुळे हे त्यांच्या वाचनात यायचं नाही. थंडी सरेपर्यंत त्यांची आंघोळ आमच्यानंतरच होणार... आणि याला ते मदत म्हणत नाहीत, नंबर म्हणतात.