काकाजींची खरवडलेली निगेटिव्ह

बोरूच्या काडीत अर्धं ब्लेड खोचायचं, वरून दोरा घट्ट गुंडाळायचा, की आमच्या धंद्यातलं पातं तयार. कॅमेरा माझ्या हातात फार उशिरा आला. आधी हे पातं आलं.

आठवीतून शाळा सोडून मी समुद्राकाठच्या गावातून वर्ध्याला आलो ते एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमारास. गावचे एक मामा इथे रेल्वेत होते. त्यांनी मला एका फोटो स्टुडिओत चिकटवून दिलं आणि वर्षभरात त्यांची बदली झाली. मी राहिलो. परत जायला तोंड नव्हतं आणि इथे राहायला धीर नव्हता. रस्त्याला कुणी नुसतं "काऊन बे?", म्हणजे "का रे?", म्हटलं तरी मला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं.

स्टुडिओत एक वयस्क कारागीर होते, त्यांना सगळे उस्ताद म्हणत. त्यांनी मला निगेटिव्ह दुरुस्त करायला शिकवलं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. सुरकुती घालवायची तर तिच्यावर पेन्सिल फिरवायची. चेहऱ्यावर पांढरा डाग असेल तर तो निगेटिव्हमध्ये काळा दिसतो, तो पात्याने हलकेच खरवडायचा. "पेन्सिल पुसता येते, पातं पुसता येत नाई," उस्ताद म्हणायचे. "हाताले भेव असू दे." भेव माझ्याकडे भरपूर होतं. त्यामुळे मी लवकर पुढे गेलो.

राहायला जागा मिळाली ती एका कापड दुकानदाराच्या घरामागे, अंगणातल्या खोलीत. त्यांना मी काकाजी म्हणायचो, त्यांच्या बायकोला काकू. काकाजींना कोड होतं. ओठांभोवती, उजव्या डोळ्याखाली गालभर आणि दोन्ही हातांवर. मी पेटी घेऊन आलो त्या दिवशी त्यांनी स्वतः माठातलं पाणी आणून दिलं. मी पेला धरून नुसता उभा राहिलो. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण तेव्हा मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो.

"पी बे," ते म्हणाले. "लागत नाई ते. लागत असतं तं काकू कवाचीच पांढरी झाली असती."

आतून काकू ओरडल्या, "माह्या केसाकडं पाहा म्हणा. झालेच ना पांढरे!"

मी प्यायलो. अजूनही कुणी पाणी पुढे केलं की मी लगेच पितो, तहान असो-नसो.

दहा वर्षं गेली. स्टुडिओत रंगीत फोटोंचं मशीन आलं, मग कॉम्प्युटर आला आणि माझ्या हाताची गरज संपली. उस्ताद धंदा सोडताना मला त्यांचा जुना, वरून वाकून बघायचा डब्यासारखा कॅमेरा देऊन गेले. एका रोलवर बारा फोटो. काकूंनी अंगणातली जुनी न्हाणी मला अंधारखोली करायला दिली आणि स्वतः आडोशाला आंघोळ करू लागल्या, नवीन मोरी बांधून होईपर्यंत दोन वर्षं. असे उपकार मोजायची सोय नसते.

पोटासाठी मी वडनेरकडची लग्नं करायचो, शाळांचे ग्रुप फोटो काढायचो. उरलेल्या वेळात माझे स्वतःचे फोटो. पवनारला धाम नदीतल्या खडकांवर वाळत घातलेले कपडे. आष्टीचा बाजार उठल्यावर मागे राहिलेले, ताडपत्र्या उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड. काकाजी त्यांना बिनकामाचे फोटो म्हणायचे.

"लोकं गेल्यावर काऊन काढतेस? लोकं हायेत तवा काढ ना!"

"लोक असले की भीती वाटते, काकाजी."

"गोट्याची नाई वाटत?"

"गोटे काही म्हणत नाहीत."

या बिनकामाच्या फोटोंना मी पातं लावायचं नाही असं ठरवलं होतं. जे आहे ते तसंच. नागपूरच्या एका गॅलरीवाल्याने त्यातले चार टांगले, तेव्हा लोक येऊन बघत होते आणि मी खांबामागे उभा होतो. कुणी विचारलं, "हे कोणी काढले?" तर मी बाहेर जाऊन बस पकडली.

काकाजींच्या बैठकीत त्यांच्या लग्नाचा मोठा फोटो होता. काकू अठराच्या, काकाजी बावीसचे, चेहरा तुकतुकीत. कोड त्यांना पंधराव्या वर्षीच आलं होतं. कुणा जुन्या कारागिराने ते निगेटिव्हवरून पार घालवलं होतं, आणि मी बैठकीत गेलो की त्या कामाची सफाई बघत बसायचो.

एका वर्षी एप्रिलच्या शेवटी काकाजींनी मला दुकानात बोलावलं. ते लट्ठा, म्हणजे जाडं सुती कापड, मोजत होते. मोजतामोजताच बोलले, माझ्याकडे न बघता. त्यांची नात, मुलीची मुलगी, सात वर्षांची, हिंगणघाटला असायची. हिवाळ्यात तिच्या हनुवटीवर पांढरा ठिपका आला होता. नंतर इथे आली तेव्हा भिंतीवरचा फोटो बघून तिने विचारलं होतं, "आबाजी, तुम्ही पहिले चांगले होते ना?"

"चांगले म्हणते पोट्टी," काकाजी म्हणाले. "म्हंजे आता खराब. तिले वाटते, चांगला माणूस खराब होत गेला, आता आपली पाळी. अरे, मी कधी तसा नव्हतोच! थो फोटू झूठा हाये." त्यांनी कापड टर्रकन फाडलं. "शनिवारी येते थे सुट्ट्यात. त्याच्या आंधी त्या भिंतीवर दुसरा फोटू पाह्यजे. जसा आहो तसा. तुह्या बिनकामाच्या फोटूवानी."

मी हो म्हणालो.

गुरुवारी सकाळी दुकानाच्या मागच्या, अंगणाकडच्या दारात त्यांना स्टुलावर बसवलं. उन्हाचा उजेड सावलीकडच्या गालावर फेकायला दुकानातलाच पांढरा लट्ठा अंगणभर पसरला. काकाजी चाळीस वर्षांत कॅमेऱ्यासमोर बसले नव्हते. घरातल्या प्रत्येक लग्नात ते नेमके फोटोच्या वेळी आचाऱ्याकडे जायचे, हे मला तेव्हा उमगलं. ते ताठ बसले. मान आखडली, कपाळावर घाम. एक फोटो, दोन, पाच. डोळे मिटलेले, ओठ आवळलेले. आठव्याला मात्र त्यांनी सरळ कॅमेऱ्यात बघितलं आणि तो मला साधला. अकराव्या वेळी मी मागे सरकताना लट्ठ्यावर पाय दिला.

"अबे, लट्ठ्यावर उभा होऊन राह्यला भैताडा! विकाचा हाये थो!" हात पुढे करून ते ओरडले, आणि ओरडताओरडता हसले. दचकून माझं बोट दाबलं गेलं. तो फोटो वाया गेला असं मी धरलं.

बारावा झाल्याबरोबर ते उठले. "झालं. आता नाई. जीव घाबरा झाला माहा."

वर्ध्याच्या उन्हाळ्यात फिल्म धुणं म्हणजे जिवाशी खेळ. टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, आणि अशा पाण्यात फिल्मवरचा लेप मऊ होऊन साईसारखा निसटतो. लग्नाचा एक अख्खा रोल मी असा घालवला होता. म्हणून चौकातल्या रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला, माठाचं पाणी घेतलं, आणि थर्मामीटर दर मिनिटाला बघत, देवाचं नाव घेत रोल धुतला. निघाला. बाराही फोटो शाबूत. एवढ्याने मला रडू आलं.

मग आठवा फोटो कागदावर छापला. लाल दिव्याखाली, औषधाच्या ट्रेमध्ये चेहरा उमटायला लागतो तेव्हा आधी केस येतात, भुवया येतात, मग सावल्या. काकाजींचा चेहरा आला, पण ओठांभोवती आणि गालावर कागद कोराच राहिला. डोळ्यांना दिसतं त्याहून कितीतरी पांढरं. चेहऱ्याला भोकं पडल्यासारखं. मी ट्रे हलवत राहिलो, आता भरेल, मग भरेल. भरलं नाही.

मी घाबरलो. ते हातात मावेल एवढ्या आरशात दाढी करायचे, तुकड्यातुकड्याने. पूर्ण चेहरा असा समोर आला तर काय होईल त्यांचं? काकू काय म्हणतील? ज्या घराने मला पाणी दिलं, न्हाणी दिली, त्या घरात मी हे टांगू? आणि खरं सांगायचं तर त्यांच्या काळजीच्या खाली दुसरी भीती होती. खोली जाईल. मी पुन्हा कुणाचाच नसेन.

शुक्रवारी सकाळी मी पातं काढलं. ठरवलं होतं की फक्त ओठांची कड थोडी कमी करायची, बाकी तसंच. पण कड कमी केली की शेजारचा भाग जास्त उठून दिसतो. तो थोडा. मग गालाचा. हाताला सवय होती आणि हात भीतीने छान चालत होता. भानावर आलो तेव्हा बारा वाजत आले होते आणि निगेटिव्हमध्ये एकही काळा डाग राहिला नव्हता. फोटो छापला. सुंदर होता. इतकं सफाईदार काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काकाजींनी चष्मा लावला, फोटो दाराच्या उजेडात धरला. काकू त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या.

"हा कोण व्हय?" काकाजींनी विचारलं.

"तुम्हीच, काकाजी."

"नाई." त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "हा थो भिंतीवरचा व्हय. म्हातारा होऊन आला."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फोटो कापडाच्या ताग्यावर पालथा ठेवला. "पैल्या दिवशी तुले काय म्हणलो होतो? लागत नाई म्हणलो होतो ना? बारा-तेरा वर्सं झाले. तुले आजवर बी भेवच वाटून राह्यलं."

मी म्हणालो, "पुन्हा काढतो. आत्ता काढतो."

"मी नाई बसत. काल कसा बसलो ते माहं मले माहीत. भेव काय तुले एकट्यालेच लागते?"

काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या.

आठवी निगेटिव्ह संपली होती. उस्ताद म्हणाले होते तेच, पातं पुसता येत नाही. उरलेल्या अकरा मी खिडकीच्या काचेवर लावून एकेक बघितल्या. दहांमध्ये शिक्षा झालेला माणूस बसला होता. आणि मग तो वाया गेलेला अकरावा. चेहरा किंचित हललेला, तोंड उघडं, डोळ्यांत हसू, आणि कॅमेऱ्याच्या अगदी पुढे आलेला हात, मनगटापासून बोटांपर्यंत पांढराशुभ्र. त्यात काकाजी होते. मला रोज शिव्या देणारे, रोज जेवलास का विचारणारे.

वीज दुपारी गेली ती पाचला आली. त्या चार तासांत मी अंगणात बसून घामाने भिजत विचार करत होतो, सामान किती आहे आपलं, एका पेटीत बसेल का. वीज आल्याबरोबर अकरावा छापला. ट्रेमध्ये तीच कोरी जागा पुन्हा राहिली. हात पात्याकडे जाऊ नये म्हणून मी दोन्ही हात ट्रेच्या कडेला धरून उभा राहिलो.

काकाजींनी तो फोटो बघितला आणि ते खिळा शोधायला उठले.

नात शनिवारी अकराच्या बसने आईबरोबर आली. हनुवटीवर पावडरचा थर. चपला न काढताच ती भिंतीसमोर थांबली. जुन्या फोटोच्या जागी भिंतीचा चौकोन नव्या रंगासारखा दिसत होता, आणि त्याच्यात हा लहान फोटो.

"आबाजी, तो फोटो कुठं गेला?"

"थो पाहुणा होता. लय वर्सं राह्यला. गेला."

ती जवळ गेली. "हात केवढा मोठा आला!"

"मारत होतो याले," माझ्याकडे बोट करून काकाजी म्हणाले. "लट्ठा खराब केला यानं माहा."

ती हसली. मला वाटलं, सुटलो. मी अंगणात जाऊन ट्रे धुवायला बसलो. थोड्या वेळाने ती मागून आली आणि हनुवटी वर करून माझ्यासमोर उभी राहिली.

"आई म्हणते तुम्ही फोटोतले डाग पुसता. माझा पुसाल?"

तिच्यामागे दारात काकाजी उभे होते, हातात कापड मोजायची पट्टी. मी आयुष्यात पुष्कळ घाबरलो आहे, पण त्या क्षणाइतका नाही.

"पुसता यायचं," मी म्हणालो. "आता येत नाही."

"काऊन?"

"पातं मोडलं."

तिने थोडा विचार केला. "मग राहू द्या," असं म्हणून ती आत पळाली.

पातं माझ्या खिशातच होतं, शाबूत. तिच्याशी खोटं बोलल्याची मला भीती वाटली, म्हणून ती आत गेल्यावर ते न्हाणीच्या दगडावर ठेवून मी मोडलं.