आत कोणी असेल असं वाटलं नाही

माझ्या वडिलांना मी त्यांच्या हयातीतच एकदा भूत केलं. हे काम मी एकट्याने, कुणाचीही मदत न घेता, एका रविवारी दुपारी चारच्या सुमारास उरकलं. आणि त्याचं मूळ होतं माझ्या इंग्रजीच्या क्लासात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या फौंड्रीत परदेशी गिऱ्हाइकं यायला लागली होती. त्यांच्यासमोर मी नुसताच मान हलवत उभा राहतो, हे साहेबांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला संध्याकाळच्या क्लासला घातलं. तिथल्या सरांनी तिसऱ्याच दिवशी असं काही सांगितलं की मी भारावून गेलो. ते म्हणाले, "इंग्रज माणसाला नीट आठवत नसलं, तर 'मी दार लावलं नाही' असं तो तोंडावर सांगत नाही. तो म्हणतो, 'आय डोन्ट थिंक आय लॉक्ड इट.' नकार विचाराला लावायचा, कामाला नाही. उद्या उलटं निघालं तर विचार चुकला, माणूस सुटला."

('माणूस सुटला' हे मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. दीडशे वर्षं त्यांनी राज्य कसं केलं, ते मला त्या दिवशी कळलं.)

ही विद्या मी लगेच घरी आणली. बायको विचारायची, "गॅस बंद केला का?" मी म्हणायचो, "मला नाही वाटत तो चालू असेल." आई विचारायची, "लाइटचं बिल भरलंस?" मी म्हणायचो, "मला नाही वाटत राहिलं असेल." आठवडाभरात बायको माझ्यामागून जाऊन प्रत्येक बटण स्वतः बघायला लागली. आबांना मात्र हे अजिबात झेपेना. आबा म्हणजे माझे वडील. गगनबावड्याच्या घाटात तीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेला माणूस. त्यांच्या जगात व्हय आणि न्हाय यांच्यामध्ये दरी होती.

"ब्रेक लावला का म्हटल्यावर 'मला न्हाय वाटत सुटला असंल' म्हननाऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत तू बसशील व्हय रं?" त्यांनी विचारलं.

"मला नाही वाटत बसेन," मी म्हणालो. आबांनी जेवणाचं ताट उचललं आणि ते अंगणात जाऊन जेवले.

आम्ही कसबा बावड्याच्या कडेला राहत होतो. मागे ऊस, पुढे नव्या कॉलनीतली आठ-दहा घरं. शेजारचं घर मगदूम अण्णांचं. अण्णा गुळाचे जुने व्यापारी, तोंडात एकही दात नाही, आणि हौसेनं करून आणलेली कवळी कायम कपाटात. त्यांच्या मागच्या खोलीतल्या खाटेवर बसून आबा आणि अण्णा रोज संध्याकाळी एकमेकांना शिव्या देत रेडिओ ऐकायचे. त्या रविवारच्या दीड महिना आधी अण्णा गेले. मुलं हुबळीला. किल्ली आमच्याकडे. पावसानं घर कोंदट होतं, तेव्हा रविवारी खिडक्या उघडून वारा खेळवा, एवढंच त्यांनी मला सांगितलं होतं.

त्या रविवारी मी खिडक्या उघडल्या आणि आमच्या पायरीवर येऊन इंग्रजीची वही घेऊन बसलो. चारला आभाळ भरून आलं. मी आत गेलो, खिडक्या ओढल्या, मेन स्विच पाडला. बिनखिडकीच्या मागच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटत होतं, त्याला बाहेरून कडी घातली. मग पुढच्या दाराला कुलूप लावून घरी आलो. तोंडानं उद्याचा धडा चालू होताच.

सहा वाजता आईनं भाकरी थापली आणि हाक मारली. आबा आले नाहीत. आबांना साखरेचा आजार. दुपारी गोळी घेतलेली असायची, आणि साडेसहापर्यंत पोटात काही गेलं नाही की त्यांचे हात थरथरायचे. दोन वर्षांपूर्वी असेच ते भर बाजारात कोसळले होते. साडेसहा झाले तशी आई भाकरीवरचं फडकं सारखं काढायला आणि झाकायला लागली.

"भाईर गेलं का हे?" आईनं मला विचारलं.

"मला नाही वाटत बाहेर गेले असतील."

"मग घरात हायत?"

"मला नाही वाटत घरात असतील."

तेवढ्यात समोरच्या अक्काताई आल्या. अक्काताईंना आयुष्यात कशाचीच शंका आलेली नव्हती. त्या म्हणाल्या, "कळंब्याच्या बसमधी चढलं की! माज्या डोळ्यांनी बगितलं. पांढरी टोपी, हातात छत्री."

कळंबा म्हणजे कोल्हापूरचं पार दुसरं टोक. मी स्कूटर काढली. शेवटच्या थांब्याजवळच्या तळ्यावर पोचलो तेव्हा उजेड विझत आला होता. बारीक पाऊस होता, पलीकडचा काठ धुक्यात बुडाला होता, आणि अगदी पाण्याच्या कडेला एक माणूस माझ्याकडे पाठ करून बसला होता. पांढरी टोपी. शेजारी छत्री. मी हाक मारली, "आबा!" तो हलला नाही. मी आणखी जवळ गेलो. तेव्हा त्यानं सावकाश मान वळवली. चेहरा मी जन्मात न पाहिलेला.

"पावणं, कुनाला हुडकताय?"

"वडिलांना."

"हितं कोन न्हाय," तो म्हणाला आणि पुन्हा पाण्याकडे बघायला लागला. "हुतं मगाशी एक म्हातारं. आता न्हाय."

म्हातारा कुठे गेला हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. परतीच्या वाटेवर मी स्कूटर कशी चालवली, देव जाणे.

गल्लीत शिरलो तर लाइट गेलेले. आमच्या फाटकापाशी सात-आठ माणसं उभी, आणि सगळी गप्प. बावड्यात सात-आठ माणसं एकत्र गप्प उभी राहत नाहीत. सगळे अण्णांच्या बंद घराकडे बघत होते. बायकोनं माझं मनगट धरलं.

"अहो," ती कुजबुजली, "अण्णा बोलतायत."

मी कान दिला. आधी फक्त पावसाची टपटप. मग आतून, खोलवरून, धप्प. पुन्हा धप्प. आणि मग आवाज आला. रिकाम्या घरात घुमणारा, बोळक्या तोंडाचा, शब्दांना कडा नसलेला आवाज. गल्लीत असा आवाज एकाच माणसाचा होता आणि त्याच्या मातीला आम्ही सगळे गेलो होतो.

आई अंगणात खांबासारखी उभी होती. तिच्या हातात भाकरीचं फडकं तसंच होतं. "अण्णांनी ह्यांना बलवून न्हेलं," ती म्हणाली. "एकट्याला करमंना असंल त्यांना."

अक्काताई पुढे झाल्या, पदर खोचला आणि घराला हात जोडले. "अण्णा, आमच्या आबांना सोडा. काय इच्छा ऱ्हायली असंल तर सांगा. वशाट-मटान सोडून काय बी निवद ठिवतो."

आतून अशी डरकाळी आली की सगळे दोन पावलं मागे सरले. मागोमाग काहीतरी दारावर आदळलं.

"रागावलं," अक्काताई म्हणाल्या. "वशाटाचं नाव काढाय नगं हुतं."

आई एकदम माझ्याकडे वळली. "कुलूप तू लावलंस न्हवं? आत कोन हुतं?"

"मला नाही वाटत आत कोणी..."

"वाटायचं ऱ्हाऊ दे. खोलीत वाकून बगितलंस का?"

सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. नकार लावायला विचार शोधू लागलो, पण त्या घटकेला डोक्यात एकही विचार नव्हता. तोंडातून आलं ते सरळ आलं. "न्हाय बगितलं."

दोन महिन्यांत मी पहिल्यांदाच एक धड वाक्य बोललो होतो. ते बोललो आणि भुताची भीती गेली. तिच्या जागी दुसरी आली आणि ती फार वाईट होती, कारण पावणेआठ वाजले होते.

बॅटरी घेऊन मी धावलो. किल्ली तीन वेळा चुकीच्या बाजूनं घातली. आत ओल आणि गुळाचा जुना वास होता. मागच्या खोलीची कडी काढली, दार ढकललं, उजेड टाकला. खाटेवर कोणीतरी मांडी घालून बसलं होतं. डोक्यावरून पांढरी चादर. गाल आत गेलेले. तोंड हलत होतं, सावकाश, चघळल्यासारखं.

"आलाश व्हय?" ते म्हणालं.

पुढचं मला सांगता येत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा अण्णांच्या खाटेवर मी आडवा होतो आणि आबा माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबत होते. "खा," ते बोळक्यानं म्हणाले. "चक्कर आली की गूळ खायाचा." अण्णांच्या कपाटात राहिलेल्या गुळाच्या ढेपेवर त्यांनी स्वतः तास काढला होता. झोपताना काढून ठेवलेली आबांची स्वतःची कवळी अंधारात खाटेखाली गेली होती. ती बायकोनं शोधून दिली, मग कुठे आबांना नीट बोलता आलं.

"अण्णाची पोरं म्होरल्या हप्त्यात ही खाट इकनार हायत," ते म्हणाले. "म्हटलं एकदा बसून घ्यावं. तू वहीत डोकं घालून बसलावतास, तुज्या फुडनंच आत आलो. पडलो आनि डोळा लागला."

मित्राच्या खाटेवर शेवटचं बसायला गेलेल्या माणसाला मी कोंडून आलो होतो. मला रडू फुटलं, सगळ्यांदेखत.

"रडतोस काय? कोन मेलंय व्हय?" आबा म्हणाले. मग त्यांची नजर अक्काताईंवर गेली. "भुकेनं जीव चाललाय आनि ही म्हनती वशाट सोडून! मी आतनं वरडतोय, मटान बी चालंल म्हनून."

आईनं तिथंच त्यांना भाकरी खायला लावली. माझ्याशी ती तीन दिवस बोलली नाही.

तेव्हापासून मी हातात कुलूप घेतलं की आमचं घर आपोआप रिकामं व्हायचं. सगळ्यात आधी आबा रस्त्यावर जाऊन उभे राहायचे आणि ओरडायचे, "मी भाईर हाय रं!" मागोमाग आई, बायको, पोरं. पुढे काही वर्षांनी मेव्हणीचा नवरा पहिल्यांदाच मुक्कामाला आला होता. आम्हाला सगळ्यांना एका लग्नाला जायचं होतं आणि पावणे निवांत दाढी करत बसले होते. बायकोनं त्यांना फक्त एवढंच सांगितलं की, हे कुलूप आणायला गेलेत. मी कुलूप घेऊन दारात आलो, तर साडूभाऊ अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून रस्त्याच्या मधोमध उभे होते, हात वर करून.

आबांनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि समाधानानं मान हलवली. "पावणं शिकल्यालं हाय," ते म्हणाले.